रान तयार ठेव

मी तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. 'दिन' आणि 'दीन' यांची गल्लत करणाऱ्या मुलांना रडवलं. लग्नपत्रिकांतल्या चुका लाल पेनानं दुरुस्त करून ज्यांच्या त्यांना परत पाठवल्या, त्यापायी दोन घरांशी कायमचं वाकडं आलं. अशा बाईनं एक शब्द चुकीचा वापरला आणि तीन एकरांवरची झाडं घालवली, असं गेल्या दिवाळीनंतर आमचं सगळं गाव म्हणत होतं. दोन महिने मीही तेच म्हणत होते.

आमचं गाव फुलंब्रीच्या पुढे, मुख्य रस्ता सोडून आत आहे. वडील गेले की आमच्याकडे बहिणी कचेरीत जाऊन हक्कसोडीच्या कागदावर सही करतात. भाऊ साडी घेतो, बहिणी ती पिशवीत घालून बसमध्ये बसतात आणि पदरानं डोळे पुसत आपापल्या घरी जातात. आप्पा गेले तेव्हा मी सही केली नाही. साडी नको, माझा तुकडा दे, असं भावाला सरळ सांगितलं. भाऊ माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी धाकटा, मी कडेवर घेऊन वाढवलेला. तो म्हणाला, "घे की आक्का. तुझंच हाय ते."

इतक्या सहज म्हणाला की माझा ऊर भरून आला. घरी येऊन नवऱ्याला म्हटलं, बघा, याला म्हणतात भाऊ. माझा नवरा वाळूजच्या कंपनीत जन्मभर मशीनवर उभा राहिलेला माणूस, बोलतो कमी. तो म्हणाला, "मशीन आवाज न करता थांबलं की मी आधी मेन बंद करायचो." मी त्याला कोपरापासून हात जोडले.

माझ्या वाट्याला आलेला तुकडा ना धड काळा, ना धड मुरमाड. वर्षानुवर्षं कापूस घेऊन आणि औषधं मारून पार थकलेला. त्याच सुमाराला फुलंब्रीत पुण्याच्या एका संस्थेची बैठक होती आणि मी निवृत्त झाल्यामुळे कुठल्याही बैठकीला जात होते. त्यांचं म्हणणं असं की अशा शेतजमिनीवर इथलीच झाडं, इथलंच गवत पुन्हा येऊ द्यायचं. हवेतला कार्बन मग खोडात, मुळांत आणि मातीत जाऊन बसतो. दर काही वर्षांनी ते येऊन मोजणार. बदल्यात थोडेफार पैसे. ते नेमके किती, हे मी विचारलंसुद्धा नाही, याचं नवऱ्याला अजून वाईट वाटतं. अटी तीनच होत्या. वीस वर्षं नांगर लावायचा नाही, गुरंमेंढरं आत सोडायची नाहीत, आणि बाहेरची झाडं आणायची नाहीत.

मला ते एकदम पटलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका खोडत बसले, निदान एक जागा तरी न खोडता सोडावी, असं वाटलं असेल. मूल नसलेल्या बाईला आपल्यामागे काहीतरी उभं राहावं असंही वाटतं, ते लपवण्यात अर्थ नाही. त्या तीन एकरांवर माझा जीव जडला तो असा.

भावाला सगळं समजावून सांगितलं तर तो म्हणाला, "म्हंजे आक्का, धूर पुरून ठेवायचा का जमिनीत?" वहिनी हसली, मी हसले, नवराही हसला. मग तो म्हणाला, "ठेव. मी हाय की ध्यान द्यायला. तू शहरातनं कितीदा येणार?" पुंडलिकनगरहून गावाला पोचायला बस बदलत दीड-दोन तास जातात. मला त्याचा केवढा आधार वाटला.

खरी अडचण वाटत होती ती मेंढपाळ बाबांची. आजोबांच्या काळापासून दिवाळीनंतर त्यांच्या घरच्या मेंढ्या आमच्या शेतात बसायच्या. पीक निघालेल्या शेतात कळप दोन-तीन रात्री मुक्कामाला ठेवायचा, जमिनीला लेंडीखत मिळायचं, बदल्यात आप्पा त्यांना ज्वारी द्यायचे. कागद नाही, काही नाही. पोळ्याच्या सुमाराला नुसतं तोंडानं ठरायचं, अमक्या शेतात इतक्या रात्री. तेवढं पुरायचं. आता त्या म्हाताऱ्या माणसाला नको म्हणून सांगायचं होतं. मी बांधावर जाऊन बसले आणि एका दमात सांगून टाकलं.

बाबांनी विचारलं, "किती सालं?"

"वीस."

"म्हंजे माझ्या हयातीत नाय."

"नाही, बाबा."

ते म्हणाले, "बरं माय. तुमचं रान, तुमचा शब्द." त्या दिवसापासून पाच वर्षं त्यांनी आपला कळप आमचा बांध सोडून, गाडीवाटेनं लांबून फिरवून नेला. एक मेंढरू आत आलं नाही. उलट मला झाडं शिकवली ती त्यांनीच. मला व्याकरण येत होतं, पण हिवर आणि बाभूळ यांतला फरक येत नव्हता. मोठ्या हौसेनं मी हिवराच्या बिया पेरल्या, त्यातली एकही उगवली नाही. बाबा म्हणाले, "अशी नाय यायची ती. शेळीच्या पोटातनं आली पायजे." मग मी बाजाराच्या दिवशी फुलंब्रीतून शेळ्यांच्या लेंड्या पिशवीभर गोळा करून आणल्या आणि घरी गच्चीवर वाळत घातल्या. शेजारणीनं विचारलं तर म्हटलं, बी वाळत घातलंय. तिनं नंतर बरेच दिवस माझ्याकडचा चहा घेतला नाही.

लेंड्यांतलं हिवर उगवलं. पाच वर्षांत ते माझ्या डोक्यावरून गेलं. बाभळी त्याहून उंच झाल्या. पळस हट्टी, तो कमरेएवढाच राहिला. तरवड आणि बोरी कुणी न लावता आल्या. कापसानं घालवलेलं मारवेल गवत बांधाकडून हळूहळू आत सरकलं, ते दिवाळीआधी विळ्यानं कापायची परवानगी होती, तर ते मी बाबांना देत असे. एकदा पायाखालून तितराची जोडी फडफडत उडाली आणि मी दचकून खाली बसले, ती बराच वेळ तिथेच बसून राहिले. त्या दिवशी मी जितकी सुखी होते तितकी लग्नातही नव्हते. नवऱ्यालाही हे माहीत आहे.

गाव मात्र त्याला 'आक्काचं पडीक' म्हणायचं. तलाठ्याच्या कागदावर पिकाच्या रकान्यात तेच लिहिलेलं. मला हा शब्द झोंबायचा. पडीक म्हणजे कुणी टाकून दिलेलं, मी कुठे टाकलं होतं? मी भावाला म्हणायचे, अरे लोकांना सांग, हे राखलेलं आहे. तो म्हणायचा, "सांगतो की."

गेल्या दिवाळीत तो भाऊबीजेला आला. मी त्याच्या आवडीच्या करंज्या केल्या होत्या. पाटावर बसवून ओवाळलं, त्यानं तबकात ओवाळणी टाकली, वाकून पाया पडला. जेवताना त्यानंच विचारलं, "झाडं काय म्हणत्यात आक्का?" म्हटलं, आता पाच वर्षं झाली, पहिली मोठी मोजणी होईल, तारीख कळली की कळवते. तो म्हणाला, "कळव. मी सगळं बघतो."

तारीख कळली. मी मोबाइलवर त्याला लिहिलं: पुढच्या शुक्रवारी पाहणीला लोक येणार आहेत. त्याआधी रान तयार ठेव.

त्यावर त्याचा अंगठा आला.

शुक्रवारी सकाळी संस्थेच्या बाई, मी आणि नवरा जीपनं निघालो. बाईंच्या मांडीवर टेप आणि नकाशे होते, झाडांचा घेर छातीच्या उंचीवर कसा मोजतात ते त्या मला समजावत होत्या. वळणावरून शेत दिसतं. मला वाटलं, ड्रायव्हर चुकीच्या वाटेनं आला. समोर सगळं नांगरलेलं होतं. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ तासं. बांधाला काट्यांची राख, अजून धूर निघत असलेली. जेसीबीनं झाडं मुळासकट उपटली होती, खड्डेही बुजवले होते.

भाऊ बांधावर उभा होता. धुतलेला पांढरा शर्ट, खांद्यावर नवा टॉवेल. पाहुण्यांसाठी थर्मासात चहा आणला होता.

"या, या," तो म्हणाला. "बघा, रान कसं झक्क तयार केलंय. एक ढेकूळ नाय ठेवलं. आक्काचा मेसेज आला तसा लागलो कामाला."

मी 'हे काय केलंस' एवढंच म्हणाले. त्यानं खिशातून मोबाइल काढला आणि माझाच मेसेज मला दाखवला, मग बाईंना दाखवला. त्यांनी तो वाचला आणि माझ्याकडे पाहिलं.

आता हे सांगायला हवं की आमच्या गावात रान म्हणजे शेत. 'रानात चाललो' म्हणजे शेतावर चाललो. आणि रान तयार करणं म्हणजे नांगरायचं, वखरायचं, काडीकचरा वेचायचा, पेरणी करता येईल असं करून ठेवायचं. माझा जन्म तिथला. रान तयार करणाऱ्या माणसांना मी लहानपणी डोक्यावरून भाकरी नेलेली आहे. पण शहरात इतकी वर्षं काढल्यावर माझ्या तोंडात रान म्हणजे झाडं आणि पाखरं असं झालं होतं. मला म्हणायचं होतं की आत जायची वाट मोकळी कर, वाऱ्यानं आलेल्या प्लास्टिकच्या पिशव्या उचल, कुणाची म्हैस शिरली असेल तर हाकल. मी मात्र लिहिलं, रान तयार ठेव. मराठीच्या बाईंनी लिहिलं.

सहा दिवसांत याला जेसीबी कुठून मिळाला, ऐन रब्बीच्या घाईत ट्रॅक्टर कसा मोकळा सापडला, हे मला तेव्हा सुचलं नाही. सुचायला हवं होतं. पण मी माझ्याच शब्दावर इतकी चिडले होते की दुसऱ्या कुणावर चिडायला जागाच उरली नाही. भाऊ चहा ओतत होता. संस्थेच्या बाईंनी टेप पुन्हा पिशवीत घातला.

घरी येऊन मी संस्थेला पत्र लिहिलं. 'झाल्या प्रकारात दोष सर्वस्वी माझ्या शब्दयोजनेचा आहे. माझ्या भावानं माझ्या सूचनेप्रमाणे केलं. त्याला यात गोवू नये.' हे पत्र मी तीनदा लिहून काढलं, एकही खाडाखोड नको म्हणून. त्यांचं उत्तर सभ्य होतं, जमीन यादीतून काढली होती. भावाला फोन करून म्हटलं, तुझी काही चूक नाही रे. तो म्हणाला, "जाऊ दे आक्का. माणसाकडनं व्हतं कधीमधी." म्हणजे त्यानं मला माफ केलं. मी त्याचे आभारही मानले. मग तो म्हणाला, "आता रान तयार झालंच हाय, तर हरभरा टाकू का?" म्हटलं, टाक.

गावात हा विनोद झाला. फुलंब्रीच्या बसमध्येसुद्धा एकानं दुसऱ्याला सांगितला, मी मागच्याच सीटवर बसलेली. 'मास्तरीणबाईंनी स्वतःच लिहून दिलं म्हणे.' मी खिडकीबाहेर बघत राहिले. खरंच होतं ना ते.

संक्रांत झाली आणि मी वहिनीला वाण द्यायला गावी गेले. फाट्यावर उतरले तर समोरून बाबा कळप घेऊन येत होते. मला पाहून त्यांनी कळप थांबवला, काठी बगलेत धरली आणि रस्ता ओलांडून माझ्याकडे आले. चेहरा ओशाळा झालेला.

"माय, माझ्यावर राग तर नाय ना?"

"तुमच्यावर कशाचा राग, बाबा?"

"तुमच्या रानात मेंढ्या बसिवल्या. तीन रात्री. नांगरट झाल्यावर." ते खाली बघत म्हणाले. "पाच सालं शब्द पाळला. पण तुमच्या भावानं पोळ्यालाच सांगितलं व्हतं ना, दिवाळी झाली की आक्काचं रान मोकळं व्हतंय, तीन रात्री तुमच्या धरून ठेवा. मी इचारलं, बाईला ठाव हाय का? म्हणला, तिनंच सांगितलंय."

मी विचारलं, "पोळ्याला?"

"व्हय. आदल्या दिशी, बैलं खांदेमळणीला धुवायलो व्हतो, तवा."

मी पोळ्यापासून बोटं मोजली. पोळा, गणपती, नवरात्र, दसरा, दिवाळी. माझा मेसेज दिवाळीनंतर आठ दिवसांनी गेला होता. तो जायच्या सव्वादोन महिने आधी रान मोकळं होण्याचं ठरलं होतं. ट्रॅक्टर ठरला होता, मेंढ्यांच्या रात्री ठरल्या होत्या. फक्त निमित्त तेवढं बाकी होतं आणि ते मी माझ्या हातानं, शुद्ध मराठीत लिहून पाठवलं. मी ते लिहिलं नसतं तर त्यानं दुसरं काही शोधलं असतं. बोअरची पाइपलाइन, साप, वणवा, काहीही.

बाबांना म्हटलं, तुमची काही चूक नाही. हेच वाक्य मी भावाला म्हटलं होतं हे लक्षात आलं. वहिनीकडे गेलेच नाही. वाण पिशवीत तसंच घेऊन उलट्या बसनं परत आले.

त्या दिवसांत मी खूप विचार केला. त्याच्या बाजूनंही केला, नाही असं नाही. मी सही केली नाही तेव्हाच त्याच्या मनात काहीतरी मोडलं असणार. 'घे की आक्का' हे त्यानं दात आवळून म्हटलेलं असणार, मला ते गोड ऐकू आलं. पाच वर्षं लोक त्याला विचारत असणार की बहिणीनं रान पडीक का टाकलं, भाऊबहिणीचं बिनसलंय का. शेतकऱ्याच्या बांधाला लागून तण माजलेलं, ते रोज बघायचं. हे सगळं मला कळतं. पण राग माझ्यावर होता तर माझ्यावर काढायचा होता. आमचं घराणं भांडखोर म्हणून पंचक्रोशीत प्रसिद्ध आहे, मी काही मोडून पडले नसते. त्यानं मला फसवलं, आणि वर फसवण्याचा दोष मला उचलू दिला. मी त्याच्यासाठी माफीचं पत्र लिहीत होते तेव्हा तो माझ्या शेतात मेंढ्या बसवत होता. झाडं गेल्याचं दुःख मी सोसलं असतं, पण हे कसं सोसायचं ते मला कळेना.

नवऱ्याला सांगितलं. मशीनचं वाक्य तो पुन्हा म्हणाला नाही, त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे. तो एवढंच म्हणाला, "विचार त्याला." मी महिनाभर विचारलं नाही. विचारलं की तो नाही म्हणणार, आणि मग मला तो खोटं बोलतोय हे माहीत असूनही ऐकून घ्यावं लागणार, याची भीती वाटत होती.

मग फेब्रुवारीत गावाहून शहरात कामाला येणारा एकजण दारात हरभऱ्याच्या ढाळ्यांचा भारा टाकून गेला. ओल्या पोत्यात गुंडाळलेला, मुळांना अजून माती लागलेली. भावानं वानवळा पाठवला होता, माझ्याच शेतातला, मला. नवरा खुर्ची ओढून सोलायला बसला. तेवढ्यात फोन वाजला.

"आक्का, ढाळं पोचलं का?" त्याचा आवाज आनंदानं फुटत होता. "घाटे बघितलेस का? एकेकात दोन-दोन दाणे. ह्या तुकड्यानं असा हरभरा आप्पाच्या वक्ताला बी दिला नव्हता. पाच सालं पाला पडला ना, माती लई सुधारलीया. तुझ्या झाडांचंच हाय हे सगळं."

तो टोमणा मारत नव्हता. त्याला खरंच मला सांगायचं होतं, माझं कौतुक करायचं होतं. मी म्हटलं, "पोळ्याला बाबांना काय सांगितलं होतंस?"

पलीकडे पाण्याच्या मोटारीचा आवाज येत होता. तो नाही म्हणणार, असंच मी धरून चालले होते.

"सांगितलं व्हतं," तो म्हणाला. "व्हय."

"मंग भाऊबीजेला कामून आलास?" रागात माझी जीभ गावच्या वळणावर गेली. "माझ्या हातचं खाल्लंस. झाडं काय म्हणत्यात म्हणून इचारलंस मला."

"आता भाऊबीज म्हणल्यावर येणार नाय का?" त्याला माझा प्रश्नच कळला नव्हता. समजूत घालावी तसा तो म्हणाला, "रान येगळं, आक्का. भाऊबीज येगळी."

मी फोन ठेवला. त्याच्याकडे खरोखरच त्या दोन गोष्टी वेगळ्या होत्या. पाटावर बसलेला तो माझा भाऊच होता, ढोंग नव्हतं, आणि ट्रॅक्टर सांगून ठेवलेलाही तोच होता. पुढच्या भाऊबीजेला तो येईल, पाट मांडायची वाट बघेल. मी पाट मांडणार नाही, हे मी त्याच क्षणी ठरवलं.

नवऱ्यानं सोललेल्या हरभऱ्याची वाटी माझ्यापुढे सरकवली. खायचे नाहीत असं ठरवूनही मी चार दाणे तोंडात टाकले, मग मूठभर. इतका गोड हरभरा मी जन्मात खाल्ला नव्हता, आणि तो गोड लागला याचा मला जितका संताप आला तितका ती नांगरट पाहूनही आला नव्हता.